नाशिकला बिनतक्रार, लडाखला धूर: गाडीतला डिझेल हीटर कशामुळे बंद पडतो

तुमची तक्रार आधी माझ्या शब्दांत मांडतो. ट्रॅव्हलरचा कॅम्पर केलाय. सीटखाली चिनी बनावटीचा ‘५ किलोवॅट’चा डिझेल एअर हीटर आहे आणि त्याला दहा लिटरची वेगळी प्लॅस्टिकची टाकी. नाशिकला चालवून पाहिला तेव्हा झकास चालला. सप्टेंबरअखेर पँगाँगला पहिली रात्र निभावली. दुसऱ्या रात्री पांढरा धूर, डिझेलचा उग्र वास आणि डिस्प्लेवर ई-१०. लेहमध्ये एकाने ग्लो प्लग (डिझेल तापवून पेटवणारा प्लग) बदलून दिला, एक रात्र चालला, हानलेला पुन्हा तेच. आता विक्रेता म्हणतो अख्खा हीटर बदला. तुम्ही विचारताय की बदलायचाच तर जर्मन घ्यावा का, आणि पुढे त्याची निगा कशी राखायची.

बदलू नका. निदान उघडून पाहिल्याशिवाय तरी नको. बिघाड ज्या क्रमाने आला त्यावरून हा हीटर संपलेला वाटत नाही, काजळीने गुदमरलेला वाटतो. ग्लो प्लगचा यात फारसा दोष नसावा. नवा प्लग टाकून एकच रात्र निघाली, म्हणजे मूळ कारण आत तसंच होतं. ई-१० चा अर्थ बहुतेक चिनी कंट्रोलरवर ‘पेटवायचा प्रयत्न केला, पेटला नाही’ एवढाच असतो. का पेटला नाही हे तो सांगत नाही. कोडचे अर्थ मेकनुसार बदलतात, त्यामुळे सोबत आलेलं पत्रक एकदा पाहून घ्या.

मी तुमची गाडी पाहिलेली नाही. पंप कसा बसवलाय, वायर किती जाडीची आहे, टाकीत डिझेल कुठलं होतं, यावर निदान थोडंफार बदलेल. म्हणून मी गॅरेजमध्ये ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने सांगतो.

आधी आत काय घडतं ते. डोसिंग पंप टिकटिक करत मोजून डिझेल ढकलतो, प्रत्येक टिकेला ठरलेला एक बारीकसा थेंब. तो ग्लो प्लगभोवतीच्या जाळीत जिरतो, प्लगच्या उष्णतेने त्याची वाफ होते, पंखा बाहेरून हवा आणतो आणि ज्योत धरते. ज्योत स्थिरावली की प्लग बंद होतो आणि पुढे ती आपल्याच उष्णतेवर चालते. जळलेला वायू अॅल्युमिनियमच्या हीट एक्स्चेंजरच्या आतून फिरून सायलेन्सरवाटे बाहेर जातो. केबिनची हवा त्याच एक्स्चेंजरच्या बाहेरून फिरते. या दोन हवा कुठेही एकमेकींत मिसळता कामा नयेत.

यात एक उणीव आहे. बाहेरची हवा पातळ झालीय हे साध्या हीटरला कळायचा मार्गच नाही. पंखा ठरलेल्या फेऱ्यांनी फिरतो, पंप ठरलेल्या वेगाने टिकटिकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, पँगाँग सव्वाचार हजारांच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या घरात येतो. थंड हवा जरा दाट असते, ती भरपाई धरली तरी पंख्याच्या तेवढ्याच फेऱ्यांत नाशिकच्या मानाने दोन तृतीयांश हवा हाती लागते. डिझेल मात्र पूर्ण पडत राहतं. रॉकेलच्या स्टोव्हची वात जास्त वर काढली की ज्योत पिवळी पडून भांडं काळं होतं, तेच इथे एका बंद डब्यात रात्रभर चाललेलं असतं. जाळी तुंबते, प्लगवर थर बसतो, आणि सकाळी पुन्हा पेटवायला गेलं की डिझेलची वाफ होते पण आग धरत नाही. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

जर्मन हीटर याला अपवाद नाहीत. एबरस्पेशरच्या एअरट्रॉनिक डी२ ची पुस्तिका सांगते की १५०० मीटरपर्यंत बिनधास्त वापरा, १५०० ते ३००० मीटरमध्ये थोडा वेळ चालेल, जास्त मुक्काम असेल तर उंचीसाठीचा वेगळा किट लावा. मनाली दोन हजारांवर आणि लेह साडेतीन हजारांवर. म्हणजे आपल्या लोकांचा अख्खा प्रवास या मर्यादेच्या पलीकडचा असतो.

आता तपासणी. पहिली पायरी वीज. सुरू होताना ग्लो प्लग आणि पंखा मिळून आठ-दहा अँपिअर ओढतात. एकदा पेटला की दोन-तीन अँपिअरवर भागतं. त्यामुळे बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसतात म्हणून समाधान मानू नका. मल्टिमीटर हीटरच्या कनेक्टरवर लावा, हीटर सुरू करा आणि प्लग तापत असताना आकडा बघा. ११ च्या खाली उतरत असेल तर दोष वायरमध्ये, फ्यूज होल्डरमध्ये किंवा थंडीने अर्धमेल्या झालेल्या बॅटरीत आहे. किटसोबत येणारी वायर बारीक असते आणि कॅम्पर करताना तिलाच जोड देऊन लांबवलेली मी नेहमी बघतो. बॅटरीपासून हीटरपर्यंत जाड वायर थेट ओढा, मध्ये जोड नको. प्लगचा रेझिस्टन्स मोजायला जाल तर तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. साध्या मीटरच्या पिनांचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो, तेव्हा आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. नाहीतर चांगला प्लग फेकाल.

दुसरी पायरी डिझेल, आणि हे घरबसल्या होतं. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा. हीटरच्या तोंडाशी येणारी नळी काढून सिरिंजच्या नळकांड्यात सोडा आणि कंट्रोलरच्या मेनूतून पंप हाताने चालवा. आधी नळीतली सगळी एअर निघून जाऊ द्या, मग टिका मोजा. पंपाच्या अंगावर २२ मिली किंवा १६ मिली असं छापलेलं असतं; ते एक हजार टिकांचं माप. २२ चा पंप असेल तर २०० टिकांत ४.४ मिली यायला हवं. बरंच कमी आलं तर फिल्टर चोंदलाय किंवा कुठूनतरी एअर घेतोय. जास्त आलं तर पंप चुकीचा लावलाय, आणि तोही काजळीचं कारण ठरतो.

एअर घेण्याची खरी जागा म्हणजे किटमधली ती मऊ हिरवी नळी. ती प्रत्येक टिकेला किंचित फुगते आणि क्लॅम्पपाशी हवा ओढते. तिच्या जागी बारीक भोकाची कडक नायलॉन नळी टाका. जिथे दोन टोकं जुळवायची तिथे ती एकमेकांना भिडवून वरून रबरी तुकडा चढवा. मध्ये फट ठेवलीत की तिथे बुडबुडा बसतो. पंप आडवा नको. बाहेर जाणारं टोक वर करून तिरपा बसवला की बुडबुडे पुढे सरकून निघून जातात. आडव्या पंपात ते साठतात, एकदम सुटतात, आणि हीटर मध्येच विझून ई-०८ दाखवतो.

डिझेलची प्रतही बघा. नाशिकला भरलेलं डिझेल तुम्ही पँगाँगला जाळत होतात ना? आपल्याकडचं नेहमीचं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेण धरायला लागतं, आणि गाडीच्या इंजिनाआधी हीटरचा तो चिमुकला फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपत रिफायनरीत तयार केलेलं हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं. सप्टेंबरात एवढी गरज नसते, पण थंडीत जाणार असाल तर हीटरची टाकी रिकामी घेऊन चढा आणि वर जाऊन भरा. रॉकेल मिसळावं का, असं हमखास विचारलं जातं. रेशनचं निळं रॉकेल गाडीत वापरणं बेकायदा आहे, आणि वंगण कमी असल्याने ते पंपालाही मानवत नाही.

वीज आणि डिझेल ठीक निघालं तर उघडा. तुमच्या बाबतीत मी दोन्हींत दोष निघाला तरी उघडलाच असता.

प्रत्येक पायरीला फोटो काढत चला. प्लॅस्टिकचं कवच, कनेक्टर, मग ग्लो प्लग. हा प्लग सिरॅमिकचा असतो आणि जरा तिरका जोर लागला की खडूसारखा तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सरळ सॉकेट वापरा, सैल होत नसेल तर पुढे-मागे हलवत काढा. प्लग बाहेर आला की त्याच भोकात टॉर्च मारून बघा. आत एक बारीक जाळी गोल गुंडाळून बसवलेली दिसेल. तिच्या दोन टोकांमध्ये एक फट असते. टोकदार आकड्याने ती फट धरून जाळी गोल फिरवत बाहेर ओढा. चांगली जाळी बाहेर निघते तेव्हा प्रकाशात धरली की आरपार दिसतं. तुमची बहुतेक डांबराच्या गोळीसारखी निघेल. ती जाळून, घासून परत बसवणारे आहेत. मी नवी टाकतो, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यासाठी पुन्हा सगळं खोलणं परवडत नाही. नवी बसवताना जाळीतलं छिद्र बर्नरच्या (ज्योत जिथे जळते त्या भागाच्या) छिद्रासमोर आलं पाहिजे. ते आडवं राहिलं की नव्या सामानासकट पुन्हा ई-१०.

मग बर्नर बाहेर काढा आणि काजळी वाचा. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी म्हणजे हवा कमी पडली, उंचीचा मामला. ओली, तेलकट, चिकट असेल तर डिझेल नीट पेटतच नव्हतं, म्हणजे वीज किंवा प्लग. हलकी करडी-तपकिरी पूड असेल तर ज्वलन चांगलं आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. तुमच्याकडे कोरड्यावर ओली असे दोन थर मिळतील असा माझा अंदाज आहे. आधी हवेने मारलं, मग वारंवार सुरू करण्याने.

हीट एक्स्चेंजरच्या आतल्या पाकळ्या लाकडी पट्टी आणि पितळी ब्रशने खरवडा, व्हॅक्यूमने ओढून घ्या, तोंडाला मास्क लावा. ओव्हन साफ करायची द्रावणं किंवा कॉस्टिक सोडा अजिबात नको, ती अॅल्युमिनियम खातात. साफ झाल्यावर एक्स्चेंजर काळोख्या खोलीत आतून टॉर्च लावून सगळीकडून बघा. प्रकाशाची एखादी बारीक रेघ दिसली तर तो भाग भंगारात; वेल्डिंग करू नका. बर्नर परत बसवताना गॅस्केट नवंच घाला. जुनं चांगलं दिसतं, पण एकदा दाबलेलं दुसऱ्यांदा नीट बसत नाही, आणि ही फट थेट केबिनच्या हवेच्या वाटेवर असते.

जोडून झालं की पहिलं सुरू करणं गाडीबाहेर, मोकळ्यावर. दोनदा पेटला नाही तर तिसऱ्यांदा बटण दाबू नका. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात आत डिझेल साठतं आणि ते एकदम पेटलं की सायलेन्सरमधून धुराचा लोट, कधी ज्वाळाही येते. हानलेला तुम्ही नेमकं हेच करत होतात असं वाटतं.

आता उंचीची सेटिंग. तुमच्या कंट्रोलरमध्ये पंपाचा कमीतकमी आणि जास्तीतजास्त वेग हर्ट्झमध्ये (म्हणजे सेकंदाला किती टिका), आणि पंख्याच्या फेऱ्या, असे आकडे बदलता येतात का बघा. काहींत नुसता उंचीचा एक मोड असतो. आकडे बदलता येत असतील तर मूळचे कागदावर लिहून गाडीतच चिकटवा. लेहच्या पुढे जाताना पंपाचा कमाल वेग साधारण तीस टक्क्यांनी उतरवा. म्हणजे ५ हर्ट्झ असेल तर साडेतीनच्या आसपास. किमान वेगाला मात्र तेवढी कात्री लावू नका, ज्योत टिकत नाही. तिथे डिझेल थोडंसं कमी करून पंख्याच्या फेऱ्या वाढवा. बरोबर जमलंय हे सायलेन्सरवरून कळतं. दहा मिनिटांनंतर धूर दिसायला नको आणि नळीच्या तोंडाला बोट लावलं (बंद करून, थंड झाल्यावर) तर काळं कुळकुळीत व्हायला नको. खाली उतरलात की आकडे पूर्ववत करा.

उष्णता कमी मिळेल, ते मान्य करूनच हे करायचं. तसंही त्या ‘५ किलोवॅट’चा हिशेब करून बघा. २२ चा पंप ५ हर्ट्झने चालला तर तासाला जेमतेम ४०० मिली डिझेल जातं. लिटरमध्ये साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे आत जातानाच ४ किलोवॅट. त्यातलं काही सायलेन्सरवाटे जाणार. पाच कुठून येणार? साडेतीन हर्ट्झवर आत जाते पावणेतीनच्या आसपास. ट्रॅव्हलरच्या दारं-खिडक्यांना नीट इन्सुलेशन असेल तर झोपण्यापुरतं तेवढं पुष्कळ.

यानंतरची गोष्ट दुरुस्तीपेक्षा मोठी आहे आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नव्हता. कमी हवेत जळणाऱ्या हीटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, थकवा ही त्याची लक्षणं, आणि सव्वाचार हजार मीटरवर विरळ हवेचा त्रास झाला तरी हेच होतं. माणूस म्हणतो, ‘उंची लागली’, दारं बंद करून हीटर वाढवतो आणि पडून राहतो. केबिनमध्ये डोकं दुखतंय आणि बाहेर मोकळ्यावर अर्ध्या तासात बरं वाटतंय, किंवा गाडीतल्या सगळ्यांचंच एकदम दुखतंय, तर हीटर तत्काळ बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि लवकरात लवकर डॉक्टरकडे न्या.

म्हणून गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. घरगुती नको, गाड्या आणि बोटींसाठीच्या ईएन ५०२९१-२ मानकाचा घ्या आणि झोपताना डोकं असतं त्या उंचीवर लावा. सायलेन्सरची नळी गाडीच्या खालून पूर्ण बाहेरच्या कडेपर्यंत न्या. मधेच सोडलेला धूर फरशीच्या फटींतून वर येतो. किटमधला सायलेन्सर सांध्यांतून गळतो, तो गाडीच्या आत कुठेही असता कामा नये. हीटरचा बूड आणि फरशी यांच्यामधलं गॅस्केट पक्कं बसलंय का बघा. नळीचा सगळ्यात खालचा भाग असेल तिथे पाणी निथळायला बारीक भोक ठेवा. बर्फात गाडी उभी असेल तर झोपण्याआधी नळीचं तोंड मोकळं आहे का ते वाकून बघा. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी हीटर बंद, नुसती काडी न ओढण्याने भागत नाही.

रोजच्या सवयींत दोन महत्त्वाच्या. पहिली, बटणाने बंद केल्यावर तीन ते पाच मिनिटं तो स्वतःला थंड करतो, शेवटचं डिझेल जाळून टाकतो. त्या वेळात मेन स्विच काढला तर आतली उष्णता मोटर आणि सर्किटला भाजते. कॅम्परमध्ये ‘सगळं बंद’ असा एकच स्विच असतो, हीटर त्याच्यावर घेऊ नका. दुसरी, रात्रभर सगळ्यात कमीवर चालवला असेल तर सकाळी बंद करण्याआधी वीसेक मिनिटं पूर्ण वेगाने चालवा. बारीक आचेवर साचलेली काजळी त्याने बरीच जळते.

घरी आल्यावर बहुतेक जण पुढच्या सहलीपर्यंत हीटर विसरतात. महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं चालवा, मे महिन्यातसुद्धा, खिडक्या उघड्या टाकून. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर छोट्या टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका. पावसाळ्यात त्यात पाणी धरतं. हवा घेण्याच्या आणि धुराच्या नळीला जाळीची टोपी लावा आणि वापरण्याआधी काढायला विसरू नका. आपल्याकडे कुंभारमाशी अशा नळीत मातीचं घर करते. बाहेरून काही दिसत नाही आणि माणूस पुन्हा ग्लो प्लगच बदलतो.

आता नव्या हीटरचं. एक्स्चेंजरला चीर नसेल तर जाळी, गॅस्केट, प्लग, कडक नळी आणि जाड वायर यांत तुमचं काम होईल. उरलेल्या पैशांत अलार्म येतो. चीर असेल, किंवा दरवर्षी महिना-महिना वर राहणार असाल, तर मी उंचीचं नियंत्रण अंगभूत असलेलं नवं जर्मन मॉडेल घेईन, आणि घेण्याआधी त्या नेमक्या मॉडेलची उंचीची मर्यादा पुस्तिकेत वाचेन. जुना जर्मन स्वस्तात मिळतोय म्हणून धावू नका. त्यांच्या एक्स्चेंजरला दहा वर्षांची मर्यादा असते, त्यानंतर तो बदलावा लागतो, आणि सेकंडहँड बाजारात आलेले बरेचसे त्या वयाच्या पुढचे असतात. प्लेटवरचं उत्पादनाचं वर्ष आधी बघा.

उघडलात की काजळीचा आणि जाळीचा फोटो टाका, आणि २०० टिकांना किती मिली आलं तो आकडा. त्यावरून पंपाचं काय करायचं ते नक्की सांगता येईल.